सखारामाचं तारण

सख्या, तुला जाळलं आणि मी बघत उभा राहिलो.

आज त्याला अठरा दिवस झाले. बोरीच्या नदीकाठी तुझी भावकी होती, चुलतभाऊ धोंडिबा होता, आणि जरा लांब, एका बाभळीखाली, जुन्नरच्या मिशनच्या शाळेचा मास्तर उभा होता. वीस वर्षं दर रविवारी ख्रिस्ती मंडळीपुढे बोलत आलेला माणूस. धोंडिबानं अग्नी दिला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, लांब का हुबं? तुमी बी दोन शबूद बोला. त्यो तुमचा बी व्हता."

मी नुसती मान हलवली. धोंडिबाला वाटलं असेल, मास्तरांना रडू आवरत नाही. रडू येत नव्हतं. मी दमलो होतो. आळे गावापासून चालत आलो होतो म्हणून नव्हे. तुझ्याशी नऊ वर्षं एकच वाद घालून दमलो होतो, आणि आता तो वाद माझ्या एकट्याच्या गळ्यात टाकून तू मोकळा झाला होतास.

आमच्यात माणसाला मातीत ठेवतात. उठायच्या दिवसाची वाट बघत तो तिथे निजलाय, असं मी कितीतरी कबरींपाशी सांगितलंय. तुझी राख कुकडीत गेली. घरी आलो तेव्हा तुझी मार्थावहिनी दारातच उभी होती. तिनं विचारलं, "माती की अग्नी?" मी म्हणालो, "अग्नी." ती म्हणाली, "मग असं तोंड कशाला करता? मातीतनं उठवणाऱ्याला राखेतनं उठवता येत नाही होय?" आणि आत जाऊन तिनं चूल पेटवायचं सोडून तिच्यापुढे नुसतं बसून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

तू पहिल्यांदा भेटलास तेव्हा बैलानं तुझी मांडी फोडली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू पालथा पडून होतास आणि मी शाळा सुटल्यावर रोग्यांना शास्त्र वाचून दाखवायला येत असे. बाकीचे बिचारे ऐकून घेत. तू मात्र भांडायचास. मी तारण, म्हणजे जिवाचा उद्धार, म्हणालो की हसायचास. "आमच्यात तारण म्हंजी सावकाराकडं ठिवायची चीज. सोडवली तर आपली, न्हाई तर बुडाली. तुमच्या देवाकडं बी तसंच का?" मी म्हणालो, "इथं सोडवणारे आपण नाही, दुसरा कुणी आहे." तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तीन आठवड्यांनी काठी टेकत घरी गेलास, आणि दीड वर्षानं परत आलास तो बाप्तिस्मा मागायला.

तुझ्या आईनं सुतक धरलं. जिवंत लेकाच्या नावानं आंघोळ केली. तू ते मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज हलला नाही, पण त्या संध्याकाळी आमच्या घरी जेवताना तू एक शब्द बोलला नाहीस. आमचं घर मूळचं गावकुसाबाहेरचं. बाप्तिस्म्यानं ते गावाच्या लेखी आत आलं नव्हतं. आणि तू पाटलांच्या भावकीतला, आमच्या चुलीपाशी मांडी घालून, मार्थाच्या हातची भाकरी माझ्या थाळीतून खात होतास. माझ्या बापाला ते बघवेना. तो उठून बाहेर गेला. "ह्यो पोरगा आपल्यापायी मार खाणार," म्हणाला.

मार तू खाल्ला नाहीस, पण डिंभ्याचा दिवस मला अजून दिसतो. आपण दोघं घोडेगावकडून गावोगाव फिरत होतो. घोड नदीला पाणी चढलं होतं, मला पोहता येत नव्हतं, आणि पलीकडच्या काठावर गावातली माणसं उभी होती. तू म्हणालास, "दान्या, बस खांद्यावर." मी म्हणालो, "सगळे बघतायत." तू म्हणालास, "बघू दे की. पोथीपेक्षा ह्येच त्यास्नी आधी वाचू दे." मी तुझ्या खांद्यावर बसून नदी ओलांडली. माझ्या जातीच्या माणसानं तुझ्या जातीच्या माणसाच्या खांद्यावरून नदी ओलांडलेली त्या काठानं कधी पाहिली नसेल. त्या दिवशी डिंभ्यात आपलं प्रवचन कुणी ऐकलं नाही. पण मला वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यात जी काही सुवार्ता सांगून झाली, ती त्या पाण्यातच झाली, आणि ती सांगणारा मी नव्हतो.

मग स्वराज्य आलं, आणि त्याच सालच्या सुगीत तुझी आई पडली. डोळे आधीच गेले होते, आता खुब्याचं हाड मोडलं. धोंडिबाच्या घरात आधीच आठ तोंडं. त्याची बायको म्हणाली, लेक आहे ना, लेकानं बघावं. तू गेलास. आईनं तुझा आवाज ओळखला आणि तोंड भिंतीकडे केलं. "बाटलेल्याच्या हातचं मी खायची न्हाई." तू ताट ठेवायचास, ती हातानं लोटायची. शेजारणीच्या हातचं घोटभर पाणी घ्यायची, तेवढंच. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी तू भावकीसमोर बसलास. त्यांनी डोकं भादरलं, गोमूत्र पाजलं, कुळदैवतासमोर नाक घासायला लावलं, आणि वर एक अट घातली, की ख्रिस्त्यांच्या घरचं अन्नपाणी पुन्हा शिवायचं नाही. तू सगळं केलंस. आणि त्याच दुपारी पेज घेऊन आईजवळ बसलास.

"प्याली का?" मी नंतर विचारलं होतं.

"वाटीभर प्याली," तू म्हणालास. "मंग माझं डोस्कं चाचपलं. म्हणली, आलास का रं."

मंडळीच्या पंचांची बैठक झाली. मी चिटणीस. ठराव मीच लिहिला आणि रविवारी मीच वाचून दाखवला, की सखाराम यानं विश्वासाचा त्याग केला असल्यानं त्याला प्रभुभोजनातून वगळण्यात येत आहे. माझा आवाज चांगला खणखणीत होता, असं मागून कुणीतरी म्हणालं.

आम्हाला वाटलं, म्हातारी दोन-चार महिन्यांची सोबतीण. ती नऊ वर्षं जगली.

त्या नऊ वर्षांत तू महिन्यातून एखाद्या रविवारी जुन्नरच्या बाजाराला यायचास आणि दुपारी माझ्या ओट्याच्या पायरीवर बसायचास. पहिल्या खेपेला मार्थानं सवयीनं चहाचा कप आणून पुढे केला. तू हात जोडलेस. ती तशीच उभी राहिली. मग तिनं तो चहा मोगऱ्याच्या बुडाशी ओतला आणि आत गेली. आतून मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "तुमच्या सख्याला सांगा, आमच्या दारात बसायचं तर आमचं पाणी पिऊन बसायचं." त्यानंतर तू आलास की ती बाहेर येत नसे.

मीही चिडलो होतो. म्हणालो, "इथं कोण बघतंय? बोरी इथून दहा कोस. घोटभर पाण्यानं तुझ्या भावकीला काय कळणार?"

तू बराच वेळ चप्पल उलटीसुलटी करत राहिलास. म्हणालास, "भावकीला न्हाई कळायचं. पर आय माझ्या हातचं खाती ती माझ्या शब्दावर. हितं चोरून पाणी पिलो, तर उद्या तिला घास कोण्या तोंडानं भरवू? आन् वहिनीला बी चोरीचंच पाणी द्यायला लावू व्हय?"

मी शास्त्रावर आलो. मास्तर लोकांचं असंच असतं. माणसापुढे हरले की पोथीत शिरतात.

तिथून आपला वाद सुरू झाला. तुझ्याकडे एक वचन होतं, माझ्याकडे एक. तुझं असं, की मेंढपाळाच्या हातातून मेंढराला कुणी हिसकावून नेऊ शकत नाही. माझं असं, की ज्यांनी एकदा चव घेतली आणि मग पाठ फिरवली, त्यांना पुन्हा वळवणं अशक्य. दोन्ही एकाच शास्त्रातली. नऊ वर्षं आपण ती एकमेकांवर घासत बसलो.

मी म्हणायचो, "हिसकावून कुणी नेणार नाही, कबूल. पण आपण होऊन उडी मारली तर?"

"दान्या, लेकरू कडंवर असतं तवा उडी मारतंच की. म्हणून आय हात ढिला सोडती व्हय?"

"मग मंडळी कशाला? शिस्त कशाला? उद्या मढ गावचे नवे ख्रिस्ती म्हणतील, सखारामाला चालतं तर आम्हालाही चालतं."

"मी माझं इच्यारतोय. तू मंडळीचं सांगतोयास."

"पालखीला खांदा देतोस ना जत्रेत?"

"देतो. खांद्यावर काय असतं ते गावाला दिसतं. तोंडात काय असतं ते माझं मला ठावं."

"म्हणजे दोन डगरींवर पाय."

"एकच पाय हाय, राव. दुसरा आयच्या खाटंला बांधलाय."

एकदा मी फारच ताणलं तेव्हा तू उठून उभा राहिलास. म्हणालास, "तारण माझं असतं तर मघाशीच सांडलं असतं. मला कंदी काय नीट धरता आलंय? पर ते त्याचं हाय. त्यानं धरलंय." आणि बाजाराची पिशवी उचलून निघून गेलास. पुढचे दोन महिने आला नाहीस. मला ती पायरी ओकीबोकी वाटायची, आणि तसं वाटतं याचाही राग यायचा.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटत होता. माझं तारण गेलं का, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण मी जागचा कधी हललोच नाही. माझी आई मंडळीत, बायको मंडळीत, भाकरी मंडळीची. देव की आई, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्यानं तुझा ठराव लिहिला.

यंदाच्या उन्हाळ्यात तुझी आई गेली. तेरावं उरकल्यावर तू आलास तो पायरीवर थांबला नाहीस. ताज्या भादरलेल्या डोक्यानं थेट स्वैपाकघरात गेलास आणि म्हणालास, "वहिनी, भाकर वाढा."

मार्था पीठ मळत होती. तिनं वर बघितलं नाही. "नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.

"व्हय."

"आधी पाणी प्या."

तिनं तांब्या पुढे केला. तू उभ्यानंच सगळा तांब्या रिकामा केलास, पाणी गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. मग तिनं तुला समोर बसवून तीन भाकऱ्या केल्या, एकेक तव्यावरून थेट ताटात. मी दारात उभा होतो आणि मला वाटत होतं, संपलं सगळं, आला माणूस घरी. बाकीचं म्हणजे कागदाचं काम.

त्या कागदाशीच आपण अडलो.

पंचांत याकोबराव थोरले. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले, मिशा पांढऱ्या, कणा अजून परेडीतला. त्यांनी तुला खुर्ची दिली, मानानं वागवलं. म्हणाले, "सखाराम, मंडळीला आनंद आहे. एवढंच लिहून दे, की मी विश्वास सोडला हे पाप केलं आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे. पुढच्या रविवारी तू प्रभुभोजनाला बसशील."

तू म्हणालास, "मास्तरच्या घरचं पाणी मी नाकारलं. वहिनीच्या हातचा कप परत धाडला. ते पाप. दहा डाव लिवून देतो, सगळ्या मंडळीम्होरं वहिनीचं पाय धरतो. पर आयला घास भरवला ते पाप हाय, आसं न्हाई म्हणवत."

"घासाला कोण पाप म्हणतंय? घासासाठी जे केलंस ते."

"त्येच्याबिगर घास जात नव्हता, हवालदार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिटणीस मी, शास्त्र वाचलेला मी, तुझा मित्र मी. मी एक वाक्य बोललो असतो तर तो कागद तुझ्या शब्दांत लिहिला गेला असता. याकोबरावही थांबले होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणालो, "विषय पुढच्या बैठकीला ठेवू."

आपण बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. तुझ्या यष्टीला अर्धा तास होता. स्टँडावर तू माझ्या शेजारी बसलास आणि इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणालास, "दान्या, आज भांडायचं न्हाई. खरं सांग. गेलं असंल का रं माझं?"

नऊ वर्षं तू मला ठासून सांगत आला होतास की जात नाही, जाऊच शकत नाही. ते सगळं तू मला नव्हे, स्वतःला सांगत होतास, हे मला त्या क्षणी कळलं. तुझा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. आणि मी काय केलं? मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय करू. नऊ वर्षं प्रत्येक वादात तू वरचढ ठरत आला होतास, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरलास. मला तुला जरा वेळ तिथेच ठेवायचं होतं.

मी म्हणालो, "पंचांचं होऊ दे, मग बोलू."

"बरं," तू म्हणालास. मग आपण कांद्याच्या रोपांबद्दल बोललो. यष्टी आली, तू खिडकीतून हात केलास.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला. पिकाला पाणी देताना भिजलास, छाती भरली, चार दिवसांत आटोपलं. धोंडिबाला मी नदीवरून परतताना विचारलं, "शेवटी काही बोलला का?" माझ्या मनात काय होतं ते तुला कळेल. धोंडिबा विचार करून म्हणाला, "काय न्हाई, मास्तर. लई ताप व्हता. पाणी मागितलं दोनदा." एवढंच. तो प्रश्न घेऊनच तू गेलास की तो तुझा तुला सुटला होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

गेले अठरा दिवस मी शाळेत जातो, पाढे म्हणून घेतो, घरी येतो. मार्था बोलते, मी हूं म्हणतो. मागच्या रविवारी उपदेशाला उभा राहिलो, मेंढपाळाचं वचन काढलं आणि चार वाक्यांत आटोपतं घेतलं. लोकांना वाटलं, मास्तरांची तब्येत बरी नाही. दान्या म्हणणारं आता कुणी नाही. मंडळीत मी मास्तर, गावात मास्तर, मार्थाही चारचौघांत मास्तरच म्हणते. मी कुठून आलोय ते ठाऊक असूनही मला आवडीनं अरेतुरे करणारा, पलीकडच्या आळीतला, तू एकटाच होतास. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. असल्या गोष्टी आपण कधी बोललो नाही. आपण तारणावर बोलत बसलो.

परवा गुरुवारी दुपारी याकोबराव घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नाहीत. तुझ्यासंबंधी काही कागद करायचा असेल म्हणून मी दौत काढली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. पागोटं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, मुंबईहून थोरल्या मुलाचं पत्र आलंय. गिरणीत आहे. मंडळीत जाणं केव्हाच सोडलं होतं, ते ह्यांनी इथे कुणाला कळू दिलं नव्हतं. आता हिंदू देवळात लग्न लावलं, नाव बदललं. "माझा मुलगा म्हणून पुन्हा पत्र लिहू नकोस, असं मी त्याला लिहिलंय," ते म्हणाले. "टाकलं नाही अजून. खिशात आहे."

मी दौतीचं झाकण लावलं.

"मास्तर, तुम्ही शास्त्र वाचलंय. लहानपणी इथंच वेदीपुढं बाप्तिस्मा झाला त्याचा, मी हातात धरला होता." ते पुढे वाकले. "त्याचं... गेलं असेल का?"

"नाही," मी म्हणालो.

ते बघतच राहिले. "पण शास्त्रात तर..."

"शास्त्रात दोन्ही आहे, हवालदार. रात्रंदिवस वाचलंय मी ते. तुम्ही मला विचारलंत, मी सांगतोय. नाही गेलं."

त्या ताठ माणसानं पागोट्यात तोंड घातलं. मार्था आतून येऊन दारात थबकली आणि परत गेली. पुष्कळ वेळानं त्यांनी तोंड पुसलं, उठायला म्हणून खांबाला हात घातला आणि तसेच थांबले.

"मग सखारामाचं?"

"त्याचंही नाही."

ते पुन्हा खाली बसले. पायरीवरच बसले.

"मग आपण हे काय केलं, मास्तर?"

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं तरी आम्ही दोघं बसून होतो. जाताना त्यांनी खिशातलं पत्र काढलं, फाडलं, आणि तुकडे पुन्हा खिशातच ठेवले.

सख्या, एका शब्दाचं काम होतं. हवालदारांना मी तो विचारल्याबरोबर देऊन टाकला. तुला, यष्टी यायला अर्धा तास होता तरी, दिला नाही.